जलदूत धावला त्या रुळांची कथा



१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. तिला टाक्यांच्या दहा वाघिणी जोडलेल्या होत्या. एकेका वाघिणीत सुमारे पन्नास हजार लिटर, म्हणजे सगळ्या गाडीत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. आदल्या दिवशी मिरजेहून निघालेली ही गाडी ३४२ किलोमीटरचा प्रवास करून आली होती. रेल्वेने तिला नाव दिले होते 'जलदूत'. पहाटेच्या अंधारातही माणसे जमली, कॅमेरे आले, स्वागत झाले, वाघिणींवर श्रेयाचे फलकही चिकटले. ज्या दिवशी ती मिरजेहून निघाली तो ११ एप्रिल हा योगायोगाने महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीचा दिवस होता. १८६८ मध्ये ज्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुला केला, त्या महापुरुषाच्या जयंतीला एका जिल्ह्याचे पाणी दुसऱ्या जिल्ह्याच्या तहानेसाठी निघावे, ही गोष्ट त्या धावपळीत कोणाच्या फारशी लक्षात आली नसावी.

गाडीची वार्ता देशभर गाजली. ती ज्या रुळांवरून आली त्या रुळांची चर्चा मात्र फारशी झाली नाही. आजच्या विवेचनाचा विषय तेच रूळ आहेत. शहर कशाच्या आधाराने उभे असते, त्याचे रस्ते, रेल्वे, वीज आणि पाणी ही कोणाच्या दूरदृष्टीची फळे असतात आणि कोणाच्या दुर्लक्षाची, हे लातूरइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्या शहरात क्वचितच दिसेल.

लातूर हे मुळात व्यापारी पेठेचे गाव. निजामाच्या राजवटीत ते उस्मानाबाद जिल्ह्यात होते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. तूर, सोयाबीन, गळिताची धान्ये यांचा येथील आडत बाजार नावाजलेला. त्यानंतर 'लातूर पॅटर्न' या नावाने येथील शिक्षणसंस्थांची कीर्ती झाली आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशाची स्वप्ने घेऊन दूरदूरची मुले येथे राहायला येऊ लागली. गावाची वस्ती वाढली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८३ हजारांच्या आसपास भरली आणि त्याच वर्षी लातूरला महानगरपालिका मिळाली. पेठ वाढली, शिकवणीवर्ग वाढले, वसतिगृहे वाढली, दवाखाने वाढले. पाणी मात्र एकाच ठिकाणाहून येत राहिले. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा नदीवर जे धरण आहे, तेथून पन्नासेक किलोमीटरच्या जलवाहिनीने.

२०१२ मध्ये पाऊस रुसला, २०१४ मध्ये रुसला, २०१५ मध्ये पुन्हा रुसला. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा शून्यावर आला. २०१६ चा उन्हाळा लागण्यापूर्वीच शहराचे नळ कोरडे पडले. नागझरी, साई, डोंगरगावचे बंधारे, भंडारवाडी आणि माकणी येथील शिल्लक पाणी टँकरने आणून वाटण्याची वेळ आली. एकेका कुटुंबाच्या वाट्याला आठ-दहा दिवसांतून दोनशे लिटरच्या आसपास पाणी येऊ लागले. घरोघरी कूपनलिका होत्या. पण मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात आठशे-हजार फूट खाली जाऊनही धूळच वर यायची. तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपली म्हण सांगते. लातूरकरांनी तहान लागण्याच्या कितीतरी आधी हजारो विहिरी खणून ठेवल्या होत्या, आणि त्यांतूनच खालचे पाणी संपले होते. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती पाचपेक्षा अधिक लोकांनी जमू नये, असा जमावबंदीचा आदेश जिल्हा प्रशासनाला काढावा लागला. दंगलीच्या वेळी लागू होणारे कलम १४४ पाण्याच्या टाकीभोवती लागू झाले. वसतिगृहांतील मुले गावी परतली. रुग्णालये पाणी विकत घेऊ लागली. चार लाख वस्तीचे शहर उठवावे लागते की काय, असा प्रश्न मोठ्या पदांवरील माणसे दबक्या आवाजात विचारू लागली.

अशा वेळी रेल्वेने पाणी नेण्याचा निर्णय झाला. सुरेश प्रभू त्या वेळी रेल्वेमंत्री होते. टाक्यांच्या पन्नास वाघिणी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत आतून वाफेने स्वच्छ करून मिरजेकडे पाठविण्यात आल्या. मिरजच का? कृष्णा तेथून जवळ वाहते आणि मिरज हे जुने जंक्शन असल्यामुळे कृष्णेचे पाणी उचलण्याची रेल्वेची स्वतःची व्यवस्था तेथे होती. वाफेच्या इंजिनांचे दिवस गेले. त्या इंजिनांची तहान भागविण्यासाठी जंक्शनांवर पाण्याची जी सोय केली जात असे, तिचा वारसा एका तहानलेल्या शहराच्या उपयोगी पडला. पहिल्या काही खेपा त्या व्यवस्थेवर भागल्या. मोठी गाडी भरण्यासाठी ती अपुरी पडू लागली तेव्हा सांगलीच्या प्रशासनाने मिरजेतील हैदरखान विहिरीपासून रेल्वे यार्डापर्यंत सुमारे अडीच-पावणेतीन किलोमीटरची जलवाहिनी काही दिवसांत टाकली. एरवी ज्या कामाच्या निविदेलाच वर्ष लागते ते काम दिवसरात्र खपून झाले. सरकारी यंत्रणेला मनावर घेतले तर काय करता येते, याची ती साक्ष होती. आणि एरवी ती मनावर का घेत नाही, या प्रश्नाचीही.

लातूरला पोहोचल्यावर हे पाणी वाघिणींतून स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरीत सोडले जाई, तेथून शुद्धीकरण केंद्राकडे आणि मग टँकरने वस्त्यांत. २० एप्रिलपासून पूर्ण पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक खेपा झाल्या आणि जवळपास पंचवीस कोटी लिटर पाणी लातूरला गेले.

आता थोडा हिशेब करून पाहू. पंचवीस लाख लिटर म्हणजे वजनाने अडीच हजार टन. दहा हजार लिटरच्या टँकरने तेवढे पाणी न्यायचे तर अडीचशे टँकर लागतील; ते तेवढ्या लांबून रोज आणणे आणि परत पाठविणे हे कोणत्याही रस्त्याला आणि कोणत्याही तिजोरीला झेपणारे नाही. या दृष्टीने जलदूत हा पराक्रमच होता. पण याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पंचवीस लाख लिटरला शहराच्या लोकसंख्येने भागले की माणशी साडेसहा लिटर येतात. शहरी नळयोजनेसाठी आपल्याकडे माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. त्या प्रमाणाने लातूरला दिवसाला पाच कोटी लिटरहून अधिक पाणी लागते. म्हणजे पन्नास वाघिणींची ती लांबलचक गाडी रोज आली तरी शहराच्या गरजेचा विसावा हिस्सा भागणार. साडेसहा लिटरमध्ये माणूस तहान भागवील, दोन वेळचा स्वयंपाक उरकील. अंघोळ, धुणी, भांडी, शौचालय हे सगळे त्याच्या बाहेर राहते. जलदूताने लातूरला जगविले असे म्हणण्यापेक्षा लातूरला धीर दिला असे म्हणणे अधिक सत्याला धरून होईल. धीराचे मोलही कमी नसते. गाडी येते आहे, उद्याही येणार आहे, हे कळल्यावर टाकीभोवतीची भांडणे निवतात.

आणि आता त्या रुळांकडे वळू.

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर. जलदूताचा मार्ग हा असा. ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना ही नावे या क्रमाने ऐकताच एक जुने नाव आठवेल : बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या एका इंग्रज अभियंत्याने ही रेल्वे उभारली. तो आधी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत नोकरीला होता. मुंबईहून सोलापूरमार्गे मद्रासकडे जाणारा मोठा लोहमार्ग बार्शी या कापसाच्या आणि धान्याच्या भरभराटलेल्या पेठेला टाळून गेला होता. बार्शीचा माल बैलगाड्यांनी बार्शी रोड स्थानकावर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, आणावा लागे. कॅल्थ्रॉपने हे हेरले. १८९५ मध्ये कंपनी स्थापन झाली, १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. १९०६ मध्ये दुसरी शाखा पंढरपूरला पोहोचली आणि वारकऱ्यांच्या पायांना थोडा विसावा मिळाला. बार्शीकडची शाखा ब्रिटिश मुलूख ओलांडून निजामाच्या राज्यात शिरली आणि १९११ मध्ये लातूरला येऊन थांबली. पंढरपूरकडची शाखा १९२७ मध्ये मिरजेला जाऊन मिळाली.

ही गाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवर धावत असे. मोठ्या मार्गाचे रूळ साडेपाच फुटांचे. कॅल्थ्रॉपचे कौशल्य असे की, हलके रूळ वापरूनही माल पुरेसा नेता यावा म्हणून त्याने इंजिन आणि वाघिणी यांचे वजन प्रत्येक आसावर सारखे, म्हणजे पाच टन, पडेल अशी योजना केली. त्या काळच्या अरुंद रेल्वेत हा मोठा शोध होता. पुढे याच गृहस्थाने विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी हवाई छत्री तयार करण्यात आपले उर्वरित आयुष्य आणि पैसा घातला, हे जाता जाता सांगण्यासारखे. बार्शी लाइटच्या चालीची थट्टा होत असे. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातली चार बोरे तोडावीत आणि पुन्हा चढावे, असे लोक म्हणत. पण लातूरची पेठ पेठ झाली ती या थट्टेच्या गाडीमुळेच. मराठवाड्यातील तूर आणि कापूस मुंबईच्या बाजाराशी जोडला गेला तो त्या अडीच फुटांवरून. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे आपल्या ताब्यात घेतली.

ताब्यात घेतल्यानंतर पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ती होती तशीच राहिली. देश बदलला, लातूर बदलले, रूळ अडीच फुटांचेच राहिले. लातूरहून मुंबईला पाठवायचा माल कुर्डुवाडीला एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. त्यात वेळ जाई, पोती फाटत, हमाली दुप्पट होई, आणि व्यापारी शेवटी ट्रक बोलावी. धाराशिव हे जिल्ह्याचे ठिकाण तर जुन्या मार्गावरच नव्हते. त्याला सर्वांत जवळचे स्थानक येडशी. लातूरच्या बाबतीत आणखी एक गंमत : 'लातूर रोड' या नावाचे एक जंक्शन विकाराबाद–परळी मार्गावर आहे, पण ते लातूर शहरात नाही, तीसहून अधिक किलोमीटर दूर आहे. नावावर विसंबून तेथे उतरलेल्या परगावच्या पाहुण्यांची फजिती लातूरकर अजून चवीने सांगतात.

रुंदीकरणाची मागणी जुनी होती. निवेदने झाली, आंदोलने झाली, निवडणुकांतून आश्वासने दिली गेली. अखेर काम तुकड्यातुकड्यांनी पुरे झाले. २००२ मध्ये कुर्डुवाडी–पंढरपूर, सप्टेंबर २००७ मध्ये लातूर–धाराशिव, ऑक्टोबर २००८ मध्ये धाराशिव–कुर्डुवाडी आणि २०१०-११ च्या सुमारास पंढरपूर–मिरज. मार्ग वळवून धाराशिव शहराला प्रथमच स्थानक मिळाले. त्या वेळी वर्तमानपत्रांत आनंद व्यक्त झाला तो मुंबईची गाडी थेट मिळाली याचा. ती गाडी २०१७ मध्ये आठवड्यातून काही दिवस बिदरपर्यंत नेण्याचे ठरले तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले, इतकी ती त्यांना जिवाभावाची. या रुळांवरून कधी पिण्याचे पाणी आणावे लागेल, हे मात्र मागणी करणाऱ्यांपैकी, मंजुरी देणाऱ्यांपैकी, खडी फोडणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आले नसेल.

तरीही नेमके तेच घडले. मिरज–पंढरपूर हा शेवटचा तुकडा रुंद झाला आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांच्या आतच जलदूत त्यावरून धावला. हे काम दहा वर्षे लांबले असते तर? कोट्याहून आलेल्या वाघिणी मिरजेच्या पुढे जाऊच शकल्या नसत्या. कॅल्थ्रॉपच्या मूळ हिशेबाने चार आसांच्या वाघिणीचे वजन मालासह वीस टनांच्या वर जाऊ शकत नव्हते. जलदूताच्या एकेका वाघिणीत नुसते पाणीच पन्नास टन होते. अडीच फुटी रुळांवरून रोज अडीच हजार टन पाणी नेणे हा विचारही हास्यास्पद ठरला असता. ज्या कामाचा खर्च 'प्रवासी पुरेसे नाहीत', 'परतावा कमी आहे' म्हणून वर्षानुवर्षे नाकारला जातो, त्या कामाच्या हिशेबवहीत असा एखादा उन्हाळा कधीच मांडलेला नसतो.

या मार्गात भूगोलाचीही एक नवलाई आहे. मिरजेचे पाणी कृष्णेचे. लातूरची मांजरा ही गोदावरीला मिळणारी नदी. म्हणजे जलदूताने एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेऊन ओतले. नदीजोड प्रकल्पावर वर्षानुवर्षे वाद चालू असताना कृष्णा आणि गोदावरी यांची ही छोटीशी भेट रुळांवर घडून गेली.

आता थोडे विजेकडे पाहू, कारण त्याच काळात लातूरच्या शेजारी दुसरी घटना घडत होती. बीड जिल्ह्यातच परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. वाफेवर चालणाऱ्या या केंद्राला पाणी लागते, आणि पाणीच नसल्यामुळे २०१३ प्रमाणे जुलै २०१५ मध्येही त्याचे संच बंद करावे लागले. शेजारचे एवढे मोठे केंद्र बंद पडले म्हणून लातूर अंधारात बुडाले काय? नाही. वीज चंद्रपूरहून आली, कोराडीहून आली, कोयनेहून आली. कोठून आली हे लातूरच्या गृहिणीला कळलेही नाही. विजेच्या तारांचे जाळे साऱ्या देशभर विणलेले आहे. एक धागा तुटला तर दुसरा भार उचलतो. रस्त्याचे तसेच आहे. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना धरणी हादरली आणि गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली. तेव्हाही मदत चहूबाजूंनी पोहोचू शकली ती वाटा अनेक होत्या म्हणून. रेल्वेचे जाळे आहे, दूरध्वनीचे आहे, विजेचे आहे. पाण्याचे मात्र लातूरला एक धरण आणि एक जलवाहिनी. दोर एकच, तो तुटला की बादली विहिरीत.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे पाण्याचेही जाळे विणावे. उजनीचे पाणी धाराशिव शहरापर्यंत जलवाहिनीने पोहोचले आहे, ते पुढे लातूरला आणावे अशी मागणी जोरात आहे. धरणे एकमेकांना नळांनी जोडणाऱ्या 'मराठवाडा वॉटर ग्रीड'ची आखणी २०१९ च्या सुमारास राज्य शासनाने पुढे आणली. या मागण्या गैर नाहीत. पिण्यापुरत्या पाण्याला दुसरा स्रोत असणे ही चैन नव्हे. पण पाणी म्हणजे वीज नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वीज तारेतून क्षणात धावते. पाण्याच्या प्रत्येक लिटरला किलोभर वजन असते आणि ते चढावर ढकलावे लागते. ते ढकलण्याचे बिल शेवटी नागरिकाच्याच माथी येते. शिवाय ज्या धरणातून ते आणायचे तेथेही शेतकरी आहे, गाव आहे, आणि त्याच वर्षी तेथेही दुष्काळ असू शकतो.

म्हणून जाळ्याच्या गोष्टी करताना स्वतःच्या घरातील गळक्या नळाकडे डोळेझाक करता येत नाही. लातूरच्या पाणीव्यवस्थेचा इतिहास या बाबतीत फारसा उत्साहवर्धक नाही. २००८ मध्ये शहराचे पाणीवाटप एका खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. घरोघर मीटर बसवायचे ठरले. पाण्याचा धंदा होणार या भीतीने नागरिकांनी कडवा विरोध केला आणि काही वर्षांत ती योजना गुंडाळावी लागली. विरोधाला कारणे होती. पाणी ही विकण्याची वस्तू नव्हे, प्याऊ घालणे हे पुण्यकर्म, असे मानणाऱ्या समाजाला नळावर बसणारे यंत्र खटकणारच. परंतु कंपनी गेली तिच्याबरोबर मोजणीही गेली, हे नुकसान झाले. धरणातून किती पाणी उचलले, शुद्धीकरण केंद्रातून किती निघाले आणि प्रत्यक्ष नळाला किती पोहोचले, हे तीन आकडे ज्या शहराला रोज सांगता येत नाहीत, त्या शहराला दुष्काळ येतो आहे हेही धरणाचा तळ दिसल्यावरच कळते. मोजणे आणि विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आजीबाई तांदूळ मापट्याने मोजून घेत, म्हणून त्या घरातल्यांना भात विकत होत्या असे कोणी म्हणत नाही.

सांडपाण्याचेही तेच. नळाने येणाऱ्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन घराबाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. पाच कोटी लिटर आत आले तर चार कोटी बाहेर जातात. ते शुद्ध करून बागांना, बांधकामांना, उद्योगांना दिले तर तेवढा भार धरणावरचा हलका होतो. मिरजेहून येणाऱ्या पंचवीस लाख लिटरसाठी देशभरातून वाघिणी गोळा कराव्या लागल्या. त्याच्या कितीतरी पट पाणी एरवी शहराच्या गटारांतून वाहून जाते. आणि मांजरेच्या खोऱ्यातील उसाचा विषय निघाल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. कमी पावसाच्या प्रदेशात साखर कारखान्यांची रांग उभी राहिली, तिने काही शेतकऱ्यांच्या घरी समृद्धी आणली हेही खरे; पण धरण तुडुंब असताना ऊस लावायचा आणि ते आटले की शहराने रेल्वेची वाट पाहायची, हा व्यवहार कोणत्याही पक्षाच्या सरकारला अजून सोडविता आलेला नाही. ज्यांचे कारखाने आहेत त्यांच्याच हाती सत्ताही राहिली, हे त्याचे एक कारण सांगितले जाते, आणि ते खोडून काढणे कठीण आहे.

त्या उन्हाळ्यात शासनाच्या पलीकडे जाऊन समाजानेही एक काम केले. डॉ. अशोक कुकडे यांच्या नेतृत्वाखाली लातूरकरांनी 'जलयुक्त लातूर' ही चळवळ उभी केली. विवेकानंद रुग्णालयाच्या माध्यमातून १९६६ पासून लातुरात रुग्णसेवा करणारे आणि २०१९ मध्ये पद्मभूषण किताबाने सन्मानित झालेले हे डॉक्टर. व्यापारी, डॉक्टर, वकील, शिक्षक, सेवाभावी संस्था, वेगवेगळ्या राजकीय पक्षांची माणसे एकत्र आली. लोकवर्गणीतून कोट्यवधी रुपये जमले. साई ते नागझरी या टप्प्यात मांजरेचे पात्र सुमारे अठरा किलोमीटर खोल आणि रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले. नदीच्या कोरड्या पात्रात भर उन्हात यंत्रे धडधडत होती, आणि स्टेशनात जलदूताच्या वाघिणी रिकाम्या होत होत्या. एकीकडे दुसऱ्याने पाठविलेले पाणी येत होते, दुसरीकडे आपले पाणी साठविण्याची तयारी चालली होती. पात्र खोल केल्याने भूजलाचा प्रश्न सुटतो की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. वाळू आणि गाळ यांचे थर खरवडताना नदीची पाणी मुरविण्याची शक्तीच जाऊ नये, ही त्यांची भीती. तरीही पाण्यासाठी भांडणाऱ्या शहराने पाण्यासाठी वर्गणी काढली, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

पुढे त्याच वर्षी पाऊस चांगला झाला. सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात मुसळधार पाऊस कोसळला आणि कित्येक वर्षांनी मांजरा धरण भरले. वाघिणी त्याआधीच परत गेल्या होत्या. लातूरच्या अनुभवाचा उपयोग पुढे इतरांना झाला. जुलै २०१९ मध्ये चेन्नईला पाणी कमी पडले तेव्हा जोलारपेट्टाईहून तशीच गाडी निघाली : पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर. त्याच्याही कितीतरी आधी, १९८६ मध्ये, सौराष्ट्रातील राजकोटने रेल्वेचे पाणी प्यायले होते. म्हणजे उपाय नवा नव्हता. विसरला गेलेला होता.

दरम्यान लातूरच्या रेल्वेने आणखी एक वळण घेतले. हरंगुळ येथे रेल्वेडब्यांच्या कारखान्याची पायाभरणी ३१ मार्च २०१८ रोजी झाली आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये तेथे पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. वंदे भारत शयनयान गाड्या तेथे बांधण्याचा करार २०२३ मध्ये झाला. जेथे अडीच फुटी गाडी धापा टाकत येऊन थांबत असे, त्या गावात देशातील वेगवान गाड्यांचे डबे घडविण्याचे ठरले, ही गोष्ट लातूरकरांना अभिमान वाटावा अशीच आहे. विमानतळाची कथा मात्र एवढी सुखाची नाही. धावपट्टी आहे, मध्यंतरी काही काळ प्रवासी विमानेही आली. २००९ मध्ये राज्यातील पाच छोटे विमानतळ एका खासगी समूहाला दीर्घ मुदतीने दिले गेले त्यांत लातूरही होते, पण नियमित विमानसेवा त्यातून रुजली नाही. ते न रुजल्याने कोणाचा घसा कोरडा पडला नाही, एवढेच त्यातल्या त्यात समाधान.

२०१९ मध्ये पावसाने पुन्हा ओढ दिली. जलदूताला तीन वर्षे झाली होती. मांजरा धरणाने पुन्हा तळ गाठला होता आणि सप्टेंबरमध्ये गणेशोत्सव आला. दहा दिवस मनोभावे पुजलेल्या मूर्ती विसर्जित करायला शहरात पाणी नव्हते. मूर्तींचे विसर्जन करू नये, त्या दान कराव्यात किंवा पुढील वर्षासाठी जपून ठेवाव्यात, असे आवाहन प्रशासनाने केले आणि पुष्कळ मंडळांनी व घरांनी ते मानले. अनंत चतुर्दशीला मिरवणुकीनंतर मूर्ती पाण्यावाचून परत फिरल्या. पुढे परतीच्या पावसाने धरणात थोडे पाणी आले आणि त्या वर्षी रेल्वे बोलवावी लागली नाही. नळाला जे पाणी येऊ लागले ते तेव्हाही धनेगावच्या त्याच एका धरणातून, त्याच वाटेने येत होते.